खडकाला चिनीत काय म्हणतात?

मी बोलतोय, समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या ज्युलियसचा चिनी-इंग्रजी शब्दकोश. हजारो शब्द पोटात बाळगणारा!

माझा जन्म शांघायच्या एका छापखान्यात. बोटीवर स्वयंपाकी असलेल्या अल्फान्सोनं १९३४ साली मला घरी आणलं. त्याच्या मुलाला, ज्युलियसला, शांघायला नोकरी करायची होती. पठ्ठ्यानं माझी पानंच्या पानं घोकली. मी अभिमानानं फुगलो!

एकदा रेशीम विकणारा चिनी फेरीवाला लिऊ दारात आला. ज्युलियसनं ऐटीत विचारलं, "श्वेइ?" म्हणजे पाणी हवं का? लिऊनं गालाखाली हात घेऊन डोळे मिटले. सूर चुकला की त्याच शब्दाचा अर्थ 'झोप' होतो! ज्युलियसची धाकटी बहीण आयरिन खो खो हसली. तिनं लिऊचं ऐकून तोच शब्द खाली नेऊन अलगद वर वळवला. लिऊ खुलला. पुढं तो आला की ती त्याच्याशी बोलायचीच.

"तुला शब्दच किती येतात?" ज्युलियस चिडायचा.

"थोडेच येतात, पन समोरच्याला समजतं ना!"

त्रेचाळीस साली, युद्धात, बोट बुडालेला एक चिनी खलाशी फळीला धरून किनाऱ्याला लागला. मला काखेत मारून ज्युलियस धावला. खलाशी समुद्राकडे हात करून इतकं भरभर ओरडत होता की ज्युलियसला काही कळेना. माझा जीव कासावीस झाला.

आयरिन खलाशाजवळ बसली. त्याचे आवाज तसेच्या तसे, सावकाश म्हणू लागली. "कक... त्साय... शृथोउ शांग. दादा, शृथोउ म्हंजे काय? मला न्हाय ठावं!"

"शृथोउ? खडक!" ज्युलियस उडालाच. "आनि कक म्हंजे भाऊ! याचा भाऊ खडकावर हाय!"

'कुठे' हा शब्द ज्युलियसनं पुरवला, आयरिननं सुरात विचारला. खलाशानं बोटानं खडक दाखवताच दोघा भावंडांनी होडी सोडली. भरती चढत होती. ज्युलियसच्या सदऱ्यात मी लाटांनी भिजत होतो, पण भीती कुणाला! खडकावर एकजण कमरेइतक्या पाण्यात उभा होता, उडी मारायला धजेना.

"लाय! लाय!" आयरिन ओरडली. ये, ये!

आपली भाषा कानावर पडताच त्यानं उडी घेतली. ज्युलियसनं त्याला होडीत ओढलं.

आता दोघं भावंडं मला मध्ये ठेवून बसतात. तो शब्द काढतो, ती सूर लावते. खाऱ्या पाण्यानं माझी पानं फुगलीत, मी नीट मिटतही नाही. न मिटेना का! तुमच्या हाती कधी आलो, तर मनातल्या मनात वाचून मला ठेवून देऊ नका. चुकलात तरी चालेल, पण मोठ्यानं म्हणा!