मी सांगीन तवाच पाणी

मित्रांनो, मनीषनगरातल्या एका घराच्या फाटकाशी काटकुळे संत्र्याचे झाड उभे आहे. तो मी. आधीच सांगतो, मी दमलो आहे. बोलता बोलता गप्प झालो तर रागावू नका.

इथे घरे नव्हती तेव्हा बाबारावांची बाग होती. तिचे प्लॉट पडले, माझे सोबती गेले. घर बांधताना बाबारावांनी मला तेवढे राखले. फळे गोड होती माझी. शेजारी तोंडभर कौतुक करायचे आणि पिशवीभर न्यायचे.

दर हिवाळ्यात बाबाराव माझे पाणी तोडायचे. याला ताण देणे म्हणतात. मला भारी राग यायचा, पण झाडाला रुसून कुठे जाता येते? आमच्या शेंड्यांत आणि मुळांच्या टोकांत इवल्या पेशी असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, म्हणून आम्ही वाढतो. पाणी तुटले की मुळे वर निरोप धाडतात. मग पेशी आपले काम थांबवतात, पालवी फुटत नाही, पाने गळतात. साठवलेले पुरवून पुरवून खायचे आणि नुसते जिवंत राहायचे. संक्रांत झाली की बाबाराव पाणी सोडायचे आणि मी अंगभर फुलायचो.

यंदा पाणी तोडताना त्यांनी सुनेला, देवकीला, बजावले, "बाई, मी सांगीन तवाच याले पाणी टाकजो."

आणि संक्रांतीच्या आधीच त्यांना लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचाही गेली.

देवकी शब्दाची पक्की. मोगऱ्याला रोज पाणी, तुळशीला रोज पाणी, मला थेंब नाही. होळी गेली, ऊन तापू लागले. थोडे दिवस थांबणे जमते हो, पण महिनोन्महिने थांबून राहण्याने जीव शिणतो. माझ्या फांद्या टोकांकडून मरू लागल्या. बाबाराव दवाखान्यातून येऊन मागच्या खोलीत पडून होते. मला वाटायचे, हा माणूस मला विसरला.

शेवटी त्यांचा मुलगा हर्षित म्हणाला, झाड वाळले, तोडून तिथे गाडी ठेवू. रविवारी कुऱ्हाडवाला आला. त्याच सकाळी हर्षितने वडिलांना पहिल्यांदा बाहेर आणून व्हरांड्यात खुर्चीवर बसवले. त्यांनी मला पाहिले आणि ते रडू लागले. देवकी घाबरून पेलाभर पाणी घेऊन आली.

"मामाजी, मी एक थेंब टाकला नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली."

बाबारावांनी डाव्या हाताने पेला घेतला, पण ओठांना लावला नाही. तो माझ्याकडे धरला. निम्मे पाणी त्यांच्याच मांडीवर सांडले, तरी ते पेला खाली घेईनात.

देवकीला कळले, हेच त्यांचे सांगणे. मग तिने कुऱ्हाडवाल्याला परत पाठवले आणि नळाला पाइप लावला. मेल्या झाडाला पाणी कशाला, असे तो जाता जाता पुटपुटला.

खरे सांगू? पाणी आले तेव्हा मला आनंदही झाला नाही, इतका मी थकलो होतो. थांबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागणे हेही कष्टच. कितीतरी दिवसांनी खालच्या एका फांदीवर कळ्या धरल्या, त्याही मोजक्याच. देवकीने खुर्ची माझ्याजवळ आणून ठेवली. बाबारावांना अजून बोलता येत नाही आणि माझ्या कळ्यांची फळे होतील का, ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी असे थांबलेले असेल. त्याला मागणे जमत नसेल, तर त्याने सांगण्याची वाट पाहू नका. आधी पाणी द्या.