समुद्र कार्यक्रमात नाही

देलसी ताइपे चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, हे अख्ख्या लिरकाय गावाला ठाऊक आहे. त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तो असा काही पेटला होता की शेजारच्या विल्बरने त्याच्यापुढे दोन्ही तळवे धरले.

"थंडी आहे गं. जरा शेकू दे."

"विल्बर, तोंड बंद ठेव, नाहीतर दात हातात देईन."

चिडायला कारण होतं. शेवटच्या वर्षाचा वर्ग लिमाला निघणार होता. सहल दोनच दिवसांची, पण तिच्यासाठी पोरांनी वर्षभर हाडाची काडं केली होती. दर महिन्याला चौकात कढया चढवायच्या, कोंबड्या तळायच्या, ताटं घरोघर विकायची. देलसीच्या बोटांना लसणाचा वास असा चिकटला की रविवारच्या प्रार्थनेत बायका तिच्यापासून हातभर लांब बसायच्या. आणि हे सगळं कशासाठी? समुद्रासाठी! वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. डोंगर मात्र इतके पाहिले होते की डोळे मिटले तरी पापणीच्या आत डोंगरच.

पण सहल म्हटली की पाद्रिनो हवाच. पाद्रिनो म्हणजे वर्गाचा मानलेला बाप. खिसा जड असलेला माणूस गाठायचा, वर्गाला त्याचं नाव द्यायचं, आणि मग त्याने हात सैल सोडायचा. यंदाचे पाद्रिनो होते एलिओदोरो साहेब. गाव सोडून लिमाला गेले, तिथे फर्निचरचा कारखाना काढला, आणि आता गावात कुणी शिंकलं तरी त्यांना विचारून शिंकतं. ते स्वतःची बस पाठवणार होते. त्यांना गळ घातली होती पालक समितीच्या अध्यक्षबाईंनी, म्हणजे सेनोबिया मावशींनी, म्हणजे देलसीच्या सख्ख्या आईने.

सभा ठेवली ती ऐन बटाट्याच्या काढणीत. आता सभेला आलं नाही तर दंड, आणि रानात गेलं नाही तर बटाटा मातीतच राहणार. मग लोकांनी नेहमीचं तेच केलं, घरातलं एक पोर सभेला पिटाळलं.

अनातोलिओ सर हजेरी घेऊ लागले. "मातेओ सुल्का?"

"हजर!" विल्बर बापाच्या नावाने ओरडला.

"विधवा इनोसेन्सिया?"

"हजर!" तिची बारकी नात बाकावर उभी राहून म्हणाली. सगळे हसले, पण सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. गावकामाला बाप नसला तर पोरगा फावडं घेऊन जातो, आणि त्या घराचं काम झालं असंच धरतात. हॉल निम्मा शाळकरी पोरांनी भरला होता. देलसीच्या घराची हजेरी मात्र आईनेच लावली, टेबलामागून, ठसक्यात.

मग सेनोबिया मावशींनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"माझ्या लेकरांनो!" एलिओदोरो साहेब फोनमधून गरजले. "दोन दिवस लिमा तुमची! ऐका कार्यक्रम. शनिवारी सकाळी बसमधून उतरलात की थेट आपल्या मंडळाच्या मैदानावर. लिमातल्या समस्त लिरकायवाल्यांचा वर्धापनदिन आहे. तुम्ही गावच्या पोशाखात नाचायचं. पाहुणे मोठमोठे आहेत, तेव्हा दोनदा नाचायचं. मग जेवणावळ, वाढायला मुली. रविवारी प्रार्थना, मग माझ्या नव्या दुकानापुढे फोटो, केक, आणि बस परत. कसं?"

टाळ्या पडल्या. आयांनी डोक्यावर हात उंचावून टाळ्या वाजवल्या. एक आजोबा तर फोनसमोर टोपी काढून उभे राहिले.

देलसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"आणि समुद्र?"

"कोण बोलतंय?"

"देलसी. समुद्र कुठाय यात?"

"अगं पोरी," साहेब हसले, "समुद्र काय पळून चाललाय? आणि त्या दिवसांत नुसतं धुकं असतं तिथे. दिसत नाही काही."

"दिसत नसला तरी ओला असेल ना?" विल्बर बसल्या जागेवरून म्हणाला. पोरं फिसकन हसली.

"खाली बस," आई दातांतून म्हणाली.

"नाही बसणार! कोंबड्या कुणी सोलल्या? आम्ही. ताटं कुणी वाहिली? आम्ही. आणि तिकडे जाऊन पुन्हा ताटंच वाढायची? वाढपी हवे असतील तर लिमात भाड्याने मिळतात. आमच्या आयत्या पिठावर तुम्ही रेघोट्या ओढू नका!"

टेबलाजवळच्या आयांनी तोंडावर पदर धरले.

"सेनोबिया," ते सावकाश म्हणाले, "ही तुमची का?"

"माझीच," आई म्हणाली. असं म्हणाली जणू पोलिसांपुढे कबुली देतेय. "साहेब, मनावर घेऊ नका. सभेत पोरांना बोलायचा अधिकार नाही. हात वर करायचा तो घरांनी. चला, कार्यक्रम मंजूर असेल त्या घरांनी हात वर करा."

टेबलाजवळच्या आयांचे हात भराभर वर गेले. सर मोजायला उठले, तोच देलसी पुन्हा ओरडली.

"सर, मातेओ सुल्काचं घर आज हजर आहे ना?"

"आहे."

"दंड नाही ना त्यांना?"

"नाही."

"म्हणजे विल्बर हजेरीला चालतो. मग हाताला का नाही चालत?"

सरांनी टोपी मागे सारली. डोकं खाजवलं. समितीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. "नियम म्हणून बघायला गेलं तर..." ते पुटपुटले, "गावकामात फावडं धरतं ते घरच असतं. पोराचं फावडं वेगळं मोजत नाहीत."

"अनातोलिओ!" मावशी कडाडल्या.

"मी काय करू, बाई? नाही म्हणायचं तर निम्म्या गावाला दंड लावा. तो जाऊन तुम्हीच वसूल करा, ऐन काढणीत."

हे मात्र कुणाला परवडणारं नव्हतं. टेबलाजवळचे आजोबा गुपचूप टोपी घालून खाली बसले.

"कार्यक्रम नामंजूर असेल त्यांनी," सर म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत विल्बरने दोन्ही हात वर केले.

"एक घर, एक हात, गाढवा!"

त्याने एक खाली घेतला. मग मागच्या बाकांवरून हात उगवू लागले. काळवंडलेले हात, शाईचे हात, बटाट्याच्या मातीचे हात. इनोसेन्सिया आजीची नात तर हात वर करून चवड्यांवर नाचत होती. देलसी तेवढी हात मांडीखाली दाबून बसली होती. तिच्या घराचा हात आईचा, आणि तो मघाशीच साहेबांच्या बाजूने वर गेला होता. एवढं भांडून मत नाही! संतापाने तिचे डोळे भरून आले, पण हातांची गर्दी तिला दिसत होती. मोजायची गरजच नव्हती.

"मग बस विसरा," फोन म्हणाला. "आणि वर्गाला नावही दुसऱ्या कुणाचं तरी द्या." खट्.

मग जे काही झालं त्याला सभा म्हणत नाहीत. एक बाई म्हणाली पोरांना चालत पाठवा. दुसरी म्हणाली सेनोबियाने लेक डोक्यावर चढवून ठेवलीय. सर ओरडून सांगत होते की कोंबड्यांच्या पैशात साध्या बसची जायची-यायची तिकिटं भागतात, फक्त मुक्काम नाही, एकच दिवस. "एकच पुरे!" पोरं बोंबलली. "उतरायचं आणि थेट समुद्र!"

आई पाय आपटत घरी आली. स्वयंपाकघरात शिरली आणि बटाटे असे चिरू लागली जसे ते एलिओदोरो साहेब.

"माझ्या तोंडाला काळं फासलंस," शेवटी तिने सुरी आपटली. "त्या माणसाकडे मी तीनदा फोन करून नाक घासलं. कुणासाठी?"

"मी सांगितलं होतं घासायला? आम्हाला विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? मी लिमात कामाला होते तेव्हा मला कुणी विचारलं? दोन वर्षं त्या बाईची पोरं सांभाळली. मला कुणी नेलं समुद्रावर? मेले का मी?"

देलसी थांबली. हे तिला ठाऊकच नव्हतं. आई लिमात होती हे माहीत होतं, आणि लिमात होती म्हणजे समुद्र पाहिलाच असणार, असं तिने आपलं धरून चाललं होतं.

"दोन वर्षांत एकदाही नाही?"

"रविवारी बाईंची पोरं जायची. मी घरी टॉवेल वाळवायचे. वाळू झटकून." आईने पुन्हा सुरी उचलली. "अशी बघू नकोस माझ्याकडे."

देलसीच्या नाकाचा शेंडा पुन्हा पेटला, पण या वेळी राग आईवर नव्हता. ती कोण कुठली बाई, तिच्यावर, त्या टॉवेलांवर, आणि आपली आई तसल्याच माणसापुढे पुन्हा नाक घासायला जाते याच्यावर.

"आणि तू हात वर केलास कुणासाठी? त्याच्यासाठी! तुला लाज वाटायला हवी!"

"जीभ आवर!"

"नाही आवरणार! पोरांबरोबर एक मोठं माणूस लागतं, सर म्हणाले. तू चल."

"मी? काढणी कोण करेल? तुझा विल्बर?"

"विल्बर पण येतोय. बाबा करतील. इनोसेन्सिया आजी करेल. तू चल म्हणतेय ना!"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"तूच ओरडतेयस!"

दाराबाहेर कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला. आईने चिरलेले बटाटे पातेल्यात ढकलले, पाणी ओतलं, झाकण दाणकन ठेवलं.

"आले तर खिडकीची जागा माझी," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. "मला घाटात मळमळतं. आणि पाण्यात घोट्याच्या वर कुणी शिरलं तर तंगडी मोडीन. पहिली तुझी."

"तुला तरी पोहता येतं का?"

"नाही येत! म्हणून तर मोडीन!"