खालच्या मजल्यावरची झोप

मी एक जुना पांगुळगाडा आहे. तीन लाकडी चाकं, दोन तिरक्या पट्ट्या आणि धरायला एक आडवा दांडा, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, माझ्यासारखा गाडा आपली गोष्ट सांगायला बसला की आपण किती मुलांना चालायला शिकवलं, ते आधी सांगतो. तेही सांगेनच मी. पण माझ्या मनावर एक ओझं आहे. ते तुमच्यापुढे उतरवावं, म्हणून खरं तर मी बोलायला लागलो आहे.

माझा जन्म पस्तीस वर्षांपूर्वी संत तुकाराम नगरात झाला. तिथे उद्धवराव नावाचे एक कारागीर होते. कंपनीत ओतकामासाठी लाकडी साचे बनवायचे. शेजारच्या नंदकिशोरांचा सलिल भिंतीला धरून उभा राहू लागला, तेव्हा त्यांनी उरलेल्या सागवानातून मला घडवलं. माझी चाकं त्यांनी मुद्दाम जाड आणि थोडी खडबडीत ठेवली. आई स्वयंपाकघरात असली तरी पोर कुठे पोचलं हे तिला आवाजावरून कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे.

त्यामुळे खडखडाट हा माझा गुण ठरला. सलिल मला धरून निघाला की सगळी आळी हसायची. माझा आवाज दोन घरं पलीकडे जातो, असं नंदकिशोर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. ते ऐकून मी फुगून जायचो. घर तळमजल्यावर होतं आणि माझ्या चाकांखाली नुसती जमीन होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सलिल चालायला लागला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे तीस-बत्तीस वर्षं धूळ खात पडून होतो. जुन्या गाद्या, फुटका स्टो आणि मी. आपलं काम संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

मग एके दिवशी सलिल स्वतः शिडी लावून वर आला. आता तो माण गावातल्या एका आयटी कंपनीत नोकरी करत होता. थेरगावात डांगे चौकाजवळ त्यानं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं आणि त्याचा वरद अकरा महिन्यांचा झाला होता. त्यानं मला पुसलं, चाकांना खोबरेल तेल लावलं आणि मोटारीत घालून नेलं. आपला गाडा आपल्या पोराला मिळतोय, याचा त्याला कोण आनंद झाला होता. मला तर त्याहून जास्त.

सलिलची बायको मृदुला ही जपून वागणारी बाई. पहिल्या आठवड्यात तिनं माझ्याखाली सतरंजी अंथरली, खालच्या लोकांना त्रास नको म्हणून. पण सतरंजीत माझं चाक अडकायचं, वरद तोंडावर पडायचा आणि रडून घर डोक्यावर घ्यायचा. त्या घरात येऊन त्यांना चार महिने झाले होते, तरी खाली कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं. जिन्यात कोणी दिसलं तर हसायचं, एवढीच ओळख. एकदा दहाच्या सुमाराला वरदला उन्हात न्यायला ती खाली उतरली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराला तिला कुलूप दिसलं. दुसऱ्या दिवशी दिसलं, तिसऱ्या दिवशीही दिसलं. खालचे लोक दिवसभर कामावर असतात, असं तिनं सलिलला सांगितलं आणि सतरंजी गुंडाळून ठेवली.

त्या दिवसापासून मला रान मोकळं झालं. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत वरद आणि मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरायचो. गुळगुळीत फरशीवर माझा आवाज घुमायचा आणि वरद खिदळायचा.

आता कबुली देतो. खाली कोणीतरी आहे हे मृदुलाला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. मी लाकडाचा आहे. फरशीतून येणारी थरथर मला कळते. मी खडखडत गेलो की खाली खाट करकरायची. कोणीतरी कूस बदलायचं, खोकायचं, उठून पाणी प्यायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. हे मी रोज ऐकलं. मला तोंड नाही हे खरं. पण माझ्या एका चाकाची पाचर सैल झाली होती. ती पडू दिली असती तर मी चार दिवस कोपऱ्यात बसलो असतो. मी ती घट्ट धरून ठेवली. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा आवाज ऐकून हसत होतं, आणि मला ते सोडवेना.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी मृदुला वरदला कडेवर घेऊन दार उघडते तो खालच्या जिन्यात माणसांची चाहूल लागली. ती दोन पायऱ्या उतरली. आमचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं मला ऐकू येत होतं. खालच्या घरातली बाई कुलूप काढत होती आणि शेजारी तिचा नवरा उभा होता. त्याच्या उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. मृदुलानं काय झालं म्हणून विचारलं. त्या दोघांची नावं स्वप्नाली आणि प्रज्वल, गाव बीडकडचं, हे तिला त्याच वेळी कळलं. प्रज्वल चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. दोन दिवसांपूर्वी कामावर त्याला डुलकी लागली होती आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं होतं.

त्याला कायम रात्रीची थर्ड शिफ्ट असते, असं स्वप्नालीनं सांगितलं. मृदुलाला काही उमगेना. मग दिवसा हे कुठे असतात, असं तिनं विचारलं. तुमच्या दाराला तर रोज कुलूप असतं.

"कुलूप मीच लावते ताई, बाहेरून," स्वप्नाली म्हणाली. "कुरियरवाले येतात, विकणारे येतात, सारखी बेल वाजवतात. यांची झोप मोडू नये म्हणून कामावर जाताना लावून जाते."

मृदुलाचा चेहरा मला दिसत नव्हता. मग तिनं हळूच विचारलं, "वरून आवाज यायचा का हो?"

गर्मीनं झोप लागत नव्हती, असं प्रज्वल पुटपुटला. स्वप्नालीनं मात्र खरं ते सांगितलं. वीस दिवस त्याची झोप झाली नव्हती. वर जाऊन सांगा, असं ती त्याला रोज म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता.

"काय सांगायचं जाऊन?" प्रज्वल म्हणाला. "लेकराला चालू नको म्हणायचं? आमची ईश्वरी गावाकडं हाय, माझ्या आईपाशी. दहा महिन्यांची झाली. तिची पावलं आमाला मोबाइलवरच दिसणार. ह्याची तर रोज ऐकू यायची. आधी तीन पावलं झाली की धपकन पडायचा. आता पार भिंतीपस्तोर जातो."

मित्रांनो, तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी ज्याची झोप खाल्ली, तो खाली पडून वरदची पावलं मोजत होता. मृदुला तिथेच पायरीवर बसली आणि रडू लागली. मला रडता येत नाही. माझ्या सैल चाकाची पाचर मात्र त्या दुपारी आपोआप गळून पडली. पण तेव्हा तिचा काय उपयोग होता?

संध्याकाळी सलिल घरी आला आणि त्याला सगळं कळलं. मला भंगारात द्यायचं असं ठरवून त्यानं मला उचललं. माझी काहीच हरकत नव्हती. आधी माफी मागायला म्हणून दोघं खाली गेली, वरद कडेवर आणि मी सलिलच्या काखेत. चांगलं सागवान कोणी भंगारात देतं का, असं म्हणत प्रज्वलनं मला ठेवून घेतलं. त्यानं सायकलची जुनी ट्यूब काढली. सलिलनं कात्री चालवायची आणि प्रज्वलनं डाव्या हातानं ताणून बसवायची, असं करत दोघांनी माझ्या तिन्ही चाकांवर रबर चढवलं आणि नवी पाचर ठोकली. मला ढकलून पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच माझा आवाज झाला नाही. त्याचं बँडेजमधलं ते बोट मला समोर दिसत होतं, त्यामुळे माझ्या गेलेल्या आवाजाचं मला दुःख झालं नाही.

त्या दिवसानंतर कुलपाची दुसरी किल्ली मृदुलाकडे राहू लागली. माणूस आत कोंडलेला असताना वरच्या घरात किल्ली असलेली बरी, असं स्वप्नालीच म्हणाली. हात बरा होईपर्यंत प्रज्वल घरी होता, म्हणून त्याची आई रुक्मिणीबाई नातीला घेऊन गावाहून आल्या. वरद तोवर सुटा चालू लागला होता. मृदुलानं स्वतः मला खाली नेऊन ईश्वरीपुढे ठेवलं.

मित्रांनो, दाराला कुलूप दिसलं म्हणून आत कोणी नाही असं धरू नका. चार महिन्यांत एकदा तरी त्या दारावर थाप मारा, नाव विचारा. आणि माझ्यासारखं तुम्हाला आतलं काही ऐकू येत असेल, तर आपलं कौतुक चाललं आहे म्हणून गप्प राहू नका.

ईश्वरीनं मला चार दिवस ढकललं. पाचव्या दिवशी प्रज्वल समोर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताचं बँडेज सुटलं होतं. तिनं माझा दांडा सोडला, डुलत दोन पावलं टाकली आणि मुठीत नेमकं तेच बोट धरलं. ते आखूड होतं, तिच्या मुठीत पुरतं मावलं. मी मागे जागच्या जागी उभा राहिलो.