खिडकीखाली आठ दिवस

"दळण दळिते बाई, पीठ पडे झरारा,
अल्ला, माझ्या लेकराला सावलीत दे थारा."

सासवडच्या घरी पहाटे जात्यावर बसणाऱ्या आईचा हा आवाज चाळीस वर्षांनीही जैबूनबीच्या कानात होता. हल्ली कोंढव्यातल्या तिच्या स्वयंपाकघरात तो फारच घुमायचा, कारण आता काळजी तिच्या लेकाची होती.

मुदस्सर खराडीला कंप्युटरवर कामाला. लहानपणापासून बोलताना अडखळायचा, म्हणून मुळातच अबोल. सहा महिन्यांत त्यानं दाढी राखली, गाणी ऐकणं सोडलं, आणि संध्याकाळी कुठं जातो ते सांगेना. त्यात टीव्हीवरच्या बातम्या. त्यात नणंद: "भाभी, लक्ष ठेव गं. आपल्या मोहल्ल्यावर आधीच सगळ्यांचा डोळा!" बाहेरच्या कुणी संशय घेतला असता तर जैबूनबी कंबर कसून भांडली असती. पण हा संशय तिच्याच उशाशी येऊन बसला होता.

तळमजल्यावर हिंदुराव राहत, रिटायर हवालदार. तिचा नवरा गेल्यापासून भावासारखे पाठीशी. ती त्यांच्याकडे गेली. "भाऊ, तो जातो कुठं, तेवढं बघा. पण चौकीत शब्द नको."

आठ दिवसांनी हिंदुराव वर आले.

"वैनी, पोरगं मागल्या गल्लीतल्या मशिदीत जातंय. म्हाताऱ्या मौलवींकडं अजान शिकतंय. खिडकीखाली हुभं ऱ्हाऊन ऐकलं म्या. येकदाबी अडखळलं न्हाई. ह्या शुक्रवारी दुपारची अजान त्येच देनार हाय."

"मग त्यानं मला का नाही सांगितलं?"

"जमंल का न्हाई, ह्याची लाज. तुमी तरी मला धाडल्यालं त्याला कुठं सांगितलंय?"

शुक्रवारी दुपारी ती गच्चीवर उभी राहिली. आवाज आला; लांब, सरळ, कुठंही न तुटलेला. पदरात तोंड घालून ती रडली. "शुक्र आहे, अल्ला," एवढंच पुटपुटत राहिली.

मुदस्सर पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आला. "अ... अम्मी, ऐकलंस?"

तिनं त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"हे खालच्या हिंदुरावकाकांना देऊन येतो. र... रोज खिडकीखाली येऊन उभे राहायचे. त्यांना वाटायचं मला दिसत नाहीत. कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय, म्हणून धीर आला बघ."

तो दाराकडे वळला. जाऊ दिलं असतं तरी चाललं असतं. हिंदुरावांनी जन्मात तोंड उघडलं नसतं.

"थांब," जैबूनबी म्हणाली. "ते आपणहून नव्हते आले, बाळा. मी पाठवलं होतं. मला तुझीच भीती वाटली होती."