हळू वळव, पण वळव

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे. राक्षसी भोपळ्याच्या कोवळ्या वेलीला वाट दाखवणं हे माझं काम. त्याआधी मी हॉकीच्या काठीचा दांडा होतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या आमच्या गावी बर्फावर खेळताना ती काठी मोडली. भोपळे पिकवणाऱ्या वेंडेलदादांनी मला हातभर कापलं आणि टोक काढलं. माझा जोडीदारही त्याच काठीचा. आम्हा दोघांना ते वेलीवर फुलीसारखं रोवत. वीस उन्हाळे आम्ही असे राबलो. जत्रेत कौतुक व्हायचं ते भोपळ्यांचं, आम्ही छपरीत कोळिष्टकांत. असो.

गेल्या हिवाळ्यात वेंडेलदादा देवाघरी गेले. त्यांनी जपलेल्या वाणाच्या चार बिया उरल्या होत्या. त्यांतली एकच उगवली. ती गेली की वाण संपला! आणि तिची वेल नेमकी ओढ्याकडे निघाली. तिथल्या चिखलात मुळं कुजणार.

एका रविवारी सकाळी, चर्चला निघता निघता, दादांच्या पत्नी ऑर्फाबाई वेलीपाशी वाकल्या. "आज तुला वळवतेच," म्हणत त्यांनी वेलीवर रोवलेल्या आम्हा दोघांना एका दमात चार बोटं रेटलं.

कट्! वेलीला चीर गेली.

कुंपणापलीकडून शेजारी बर्टन ओरडला, "वहिनी, दवात कुणी वेल वळवतं? सकाळी ती पाणी पिऊन तट्ट असते! इतकी वर्षं दादाशेजारी उभं राहून काय त्याची टोपी बघत होतात?"

"टोपी होतीच बघण्यासारखी," ऑर्फाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भाऊजी, जगेल का हो?"

"अर्धी शाबूत आहे. ओली माती दाबा. आणि घाई देवाच्या दारात ठेवून या."

त्या परतल्या त्या पाळकांनी गाऊन सांगितलेलं प्रवचन गुणगुणतच: 'हळू वळव, प्रभू, पण वळव मला.'

मग रोज दुपारी, उन्हानं पानं मलूल झाली की त्या यायच्या. तेच गात आम्हाला दोनच बोटं सरकवायच्या. मध्येच दोन दिवस वादळी वारा सुटला. माझ्या लाकडाला भेग पडली, पण मी जागा सोडली नाही. विसाव्या दिवशी वेलीचं तोंड मोकळ्या रानाकडे होतं. तिनं पेराशी मुळं धरली, तेव्हा ऑर्फाबाईंनी आम्हाला उपटलं. मला आनंदच झाला.

पुढे जत्रेत आमचा भोपळा मात्र बर्टनच्या भोपळ्यापुढे पिल्लूच.

"वहिनी, हे वांगं का आणलंत जत्रेत?"

"हसा, भाऊजी. पोटात चारशे बिया आहेत त्याच्या. मूठभर तुम्हालाही देईन."

घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना धुतलं, माझ्या भेगेवर सुतळी गुंडाळली आणि बियांच्या पुडीशेजारी टांगलं.

मित्रांनो, कोवळं काही वळवायचं असेल, तर ते उन्हात नरम होईपर्यंत थांबा. रोज दोन बोटं पुरे. ते आपल्या मुळांवर उभं राहिलं की खुंटा काढा, पण फेकू नका. पुढच्या जूनमध्ये मला पुन्हा जमिनीत पाय रोवायचे आहेत.