अर्धी तुला, अर्धी मला

शेवटच्या साध्या दिवशी धुकं तळ्यावरून उठून कुरणावर आलं आणि घोड्यांचे पाय त्यात नाहीसे झाले. लोकर थापून केलेल्या नमद्याच्या गोल घराच्या दारात उभ्या असलेल्या बेगायिमला नुसत्या पाठी दिसत होत्या, तपकिरी, करड्या, संथ पोहत चाललेल्या. त्यांच्यात कुठेतरी आई घोडीपाशी गुडघा टेकून बसली होती. ती दिसत नव्हती. बादलीत पडणारी दुधाची धार तेवढी ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा लागायची.

बेगायिम खालच्या शहरात, वाचनालयात काम करी. उन्हाळ्यात आई, काका-काकू आणि बाकीत नावाचा धाकटा भाऊ जनावरं घेऊन वर कुरणावर राहायला आले की दर महिन्याला ती भावाच्या जीपमधून वर यायची. पिशवीत पीठ, साखर, स्वतःसाठी दोन पुस्तकं आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. रोज सकाळी एक, डोकं दुखो न दुखो, असं डॉक्टरने तीनदा सांगितलं होतं. आईने ते मान डोलावत ऐकलं होतं, पाहुण्याची लांबलेली गोष्ट ऐकावी तसं.

चहाच्या वेळी बुरुल काकू आत आली. ही आईची धाकटी जाऊ, शेजारच्याच नमद्याच्या घरात राहणारी.

"आली का गं लेक? जाऊबाई, चहात मीठ जरा हात सैल सोडून घाला. माझं डोकं सकाळपासून हातोड्याखाली आहे."

"तुझं डोकं कधी नव्हतं हातोड्याखाली? लग्नातही हेच म्हणत होतीस," आई म्हणाली.

"लग्नात तर होणारच. तुमच्या दिराचं तोंड पाहिलं होतं ना!"

दोघी हसल्या. आईने रुमालाच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"काल घेतली होतीस का गं?" तिने काकूला विचारलं.

"काल कुठे? काल डोकं हलकं होतं."

"माझंही. रोज रोज घेऊन अंगाला उगाच सवय लागते." आईने मांसाची सुरी घेतली, गोळी रोटीच्या फळीवर ठेवली आणि मधोमध पात्याने दाबली. "ही अर्धी तुला, ही अर्धी मला."

बेगायिमच्या हातातला वाडगा तसाच राहिला. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद तिने दोन्ही बाजूंनी वाचला होता. वाढलेला दाब दरवेळी डोकं दुखवून वर्दी देत नाही, हे तिला ठाऊक होतं. अर्धी गोळी, तीही मधले दिवस गाळून, म्हणजे काय हेही ठाऊक होतं. पण या घरात दारातून जो आत येईल त्याचा वाटा निघत असे. हिवाळ्याच्या तोंडाला मेंढा कापला की आई गावी नसलेल्या नातेवाइकासाठीसुद्धा हाड राखून ठेवायची, तो वसंतात आला तरी त्याला ते मिळायचं. अशा बाईला काकूसमोर सांगायचं की हे एकटीने खा, कुणाला देऊ नकोस? जिभेवर आलेलं बेगायिमने खारट चहाबरोबर गिळलं. एकटी सापडली की सांगू, असं ठरवलं.

दुपारी आई एकटी सापडली.

दोघी तळ्याकाठी गेल्या होत्या. धुकं विरलं होतं आणि तळं इतकं निश्चल होतं की पलीकडचा डोंगर आधी पाण्यातला की वरचा, हे कळत नव्हतं. आईने बादल्या घासल्या आणि ती गवतावर पाय पसरून बसली. एक्केचाळीस वर्षांच्या बेगायिमने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. वर रानबदकांची रांग दक्षिणेकडे चालली होती, अगदी हळू, जणू त्यांनाही जायचं नव्हतं.

"मला कधी कधी वाटतं," आई म्हणाली, "मी जन्मल्यापासून इथेच बसलेय. लग्न, पोरं, म्हातारपण, सगळं कुणीतरी सांगितलेलं. खरं नुसतं हे पाणी."

"आई."

"काय गं माझ्या शिंगरा?"

लहानपणी एकदा बेगायिमने विचारलं होतं, तू मरशील का? तेव्हा आईने आपलीच कॉलर घट्ट धरली होती, जमिनीवर थुंकून लेकीच्या तोंडावर हात ठेवला होता. तो शब्द काढला की ते वाट विचारत घरी येतं, म्हणाली होती. गोळीचं बोलायचं तर तो शब्द आज काढावाच लागला असता. आणि दिवस इतका सुंदर होता. आईची बोटं केसांतून फिरत होती, दुधाचा आणि धुराचा वास येत होता.

"पाणी गार असेल," बेगायिम म्हणाली.

"असायचंच. उद्या हात घालून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची धार लागली, तुटली आणि पुन्हा लागलीच नाही. बेगायिम धावली तेव्हा बादली गवतात लोळत होती आणि आई आपल्या उजव्या हाताकडे नवलाने पाहत होती, दुसऱ्या कुणाच्या हट्टी पोराकडे पाहावं तशी. "हा माझं ऐकत नाहीये," ती म्हणाली. तिचं कळण्यासारखं तेवढंच शेवटचं वाक्य. जीपला खाली पोचायला चार तास लागले. मेंदूत रक्तस्राव झालाय, इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं आणि विचारलं, "दाबाच्या गोळ्या रोज घेत होत्या?"

"रोज," बाकीत लगेच म्हणाला. "माझी बहीणच आणून देते."

बेगायिमने तिथेही तोंडातून ब्र काढला नाही. तिसऱ्या दिवशी आई गेली.

गावातल्या घराच्या अंगणात शोकासाठी नमद्याचं घर उभारलं. रिवाजाप्रमाणे बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि हेल काढून रडू लागल्या. बुरुल काकूच्या विलापाने बाहेरच्या पुरुषांचे डोळे भरून आले. लेकीने विलाप करायचा असतो. बेगायिम भिंतीवरच्या नमद्याचं शिंगांसारखं वळणदार नक्षीकाम बघत राहिली. "पुस्तकांनी हिचे डोळे सुकवले," मागे कुणी कुजबुजलं. बाकी सगळे एकच म्हणत होते: वेळ भरली होती. ते ऐकताना तिला प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटायची.

पुढचे दिवस पाण्याखाली असल्यासारखे गेले. लोक बोलत, त्यांचे ओठ हलत, शब्द उशिराने वर येत.

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी ती गावी आली, तेव्हा बुरुल काकू पहाटेपासून कढईपाशी उभी होती. पिठाचे तुकडे तळून त्या तेलाचा वास मृतांपर्यंत पोचवायचा असतो. काकूचा चेहरा लालभडक झाला होता, एक हात कपाळावर दाबलेला.

"ये गं. डोळे बघ कसे चढलेत तुझे. झोपत नाहीस ना?" काकूने रुमालाची गाठ सोडली. आत पाकीट होतं. "जाऊबाईंच्या आहेत. चारच उरल्यात. डोकं फुटायला लागलं की तेवढी घेते. थांब, सुरी कुठे गेली? अर्धी तू घे."

शेजारच्या खोलीत बायका दस्तरखान, जेवणाची चादर, अंथरून भांडी मांडत होत्या. नको म्हणून, हसून, विषय बदलता आला असता. बेगायिमने कढईखालचा गॅस बंद केला.

"काकू, खाली बस जरा."

"अगं, कच्चे राहतील!"

"राहू देत. आई अर्धीच गोळी घ्यायची, तीही डोकं दुखेल तेव्हाच. मी पाहिलं होतं आणि गप्प बसले. इस्पितळात विचारलं तेव्हाही."

काकूला बसायला वेळ लागला. "दुसरी अर्धी तर मी खायचे," ती हळू म्हणाली. "म्हणजे मी गं तिला..."

"नाही. तू मागितलीस, तिने दिली. या घरात कुणी वेगळं केलं असतं? पाकिटातला कागद मी वाचला होता. माहीत मला होतं."

"वेळ भरली होती, बेगा." काकूने ते विचारल्यासारखं म्हटलं.

"भरली असेल, मला ठाऊक नाही. पण ही गोळी तिला लिहून दिलेली होती. तुझा दाब कुणी मोजलासुद्धा नाही. तुला कुठली लागते, किती, लागते की नाही, ते डॉक्टरच सांगेल. देईल ती मग रोज घ्यायची, डोकं हलकं असलं तरी. मनाने सोडायची नाही आणि कुणाला द्यायची नाही."

"द्यायची नाही?" काकूने शिवी ऐकल्यासारखं पाहिलं. "दारात आलेल्याला?"

"त्याला रोटी दे, मांस दे, हवं तर तुझी घोडी दे. गोळी नाही."

"घोडी म्हणे! वाचनालयात ठेवशील का बांधून?" काकू रडता रडता हसली आणि तिने ओढणीने नाक पुसलं. "बरं बाई. जाऊ कधीतरी. आज चाळिसावा, उद्या भांडी, परवा गवत कापायचंय. थंडी पडली की निवांत जाऊ."

ती गॅसकडे वळली. बेगायिमने तिचं मनगट धरलं. आतली नाडी बोटांवर जोरात आपटत होती.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. पलीकडच्या खोलीतली भांडी थांबली. "तू मरशील अशी मला भीती वाटते, काकू."

"अगं, असं अभद्र! आज, या घरात..."

"याच घरात. आईलाही मला हेच म्हणायचं होतं. ती माझ्याजवळ एकटी होती, अख्खी दुपार होती, आणि मी म्हटलं नाही." तिने काकूचं मनगट सोडलं नाही, पण आता ती काकूशी बोलत नव्हती. "आई, तू मरशील अशी मला फार भीती वाटते गं. रोज घे ना गोळी. पूर्ण घे. माझ्यासाठी घे."