ड्रिलचा उलटा झटका

तलमडुगुच्या समाजमंदिरापुढे दीडशे माणूस जमलं होतं आणि मधोमध कढईत तेल उकळत होतं. रेणुकाबाईंनी त्यात हात घालायचा. पोळला तर भानामती त्यांचीच, असा गावचा मांत्रिक सुधाकरबुवा याचा निवाडा.

सकाळी प्रवीण मिस्त्री समाजमंदिराच्या सिमेंटच्या खांबाला ड्रिल मशीननं भोक पाडत होता. शेजारच्या घरातून रेणुकाबाई ओरडल्या, "थांब! माही भित हालून राह्यली!" त्याच क्षणी मशीन गर्रकन फिरलं आणि प्रवीणचं मनगट मोडलं. मशीनची मूठ वळली ती उजवीकडे, बाईंच्या दाराकडे.

"सकाळी पाह्यलं? भूत मालकिणीकडं धावलं!" बुवा कढईपाशी गरजला. "यंत्रात वीज, विजेत शक्ती, शक्तीवर हिची सत्ता!"

लोकांनी माना डोलावल्या. मी ग्रामपंचायतीत कारकून. मीही गर्दीत मागेच उभा राहिलो. दोघींनी बाईंचे दंड धरले, कढईकडे ओढलं.

"सोडा त्यांना!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभाताई गर्दीतून पुढे आल्या. "उकळतं तेल कोनाले पोळत नाही, बुवा? पहिले तुमी घाला हात. अन् ते ड्रिल आना, मनगट कशानं मोडलं ते दाखवते."

"मॅडम, या मशीनच्या नादी लागू नका. तुमचाबी हात जाईल."

"माझा हात लागनारच नाही."

ताईंनी प्रवीणच्या दुकानातला लोखंडी शिकंजा आणवला. त्यात एक सळई उभी आवळली. ड्रिलचं तोंड खाली करून सळईचं वरचं टोक त्यात घट्ट बसवलं, मूठ स्वतःकडे ठेवली आणि मुठीतली चालू करायची कळ दाबून अडकवली. त्यांच्या उजवीकडे रेणुकाबाई, डावीकडे बुवा. सगळ्यांना लांब सरकवून त्यांनी मला विजेच्या बटणापाशी उभं केलं. "क्षणभर चालू, लगेच बंद."

मी बटण दाबलं. सळई जागची हलली नाही, मशीनच फिरलं. मूठ गेली उजवीकडे.

"बाईकडंच!" बुवा ओरडला. दंडावरचे हात आणखी आवळले गेले.

ताईंनी मशीनवरची फिरण्याची दिशा बदलणारी छोटी खुंटी उलटी केली, मूठ पुन्हा समोर आणली. "दाबा."

या वेळी मूठ डावीकडे गेली.

"बुवा," मागून कोणीतरी म्हणालं, "आता मालक कोन?"

"मोटर भोक पाडनाऱ्या बिटाले एकीकडं फिरवते," ताई सांगू लागल्या, "तेवढ्याच जोरानं बिट मशीनले उलटीकडं ढकलते. सिमेंट कापलं जाते तोवर हात तो जोर पेलतो. खांबातल्या सळईत बिट अडकलं का मशीनच फिरते, हातासकट. प्रवीण, दुसऱ्या हातानं धराची बाजूची मूठ कुठं हाय?"

गळ्यात हात अडकवलेला प्रवीण खाली पाहत म्हणाला, "आडवी येते म्हनून काढून ठेवली होती." मग तो रेणुकाबाईंकडे वळला. "मावशी, मले तवाच सांगाले पायजे होतं. मी भेलो."

बाईंचे दंड सुटले. कोणीतरी कढईखालची लाकडं ओढली. पण बाई हसल्या नाहीत. दंडावरचे वळ चोळत त्यांनी विचारलं, "अन् ताई आल्या नसत्या तं?"

माणसं एकेक करून घराकडे वळली. मीही वळलो.

म्हणून हे लिहितो. प्रत्येक गावात वेळेवर ताई येतीलच असं नाही. यंत्र झटका देतं तेव्हा बिट कुठे अडकलं ते शोधा. कारण यंत्रात असतं, शेजारच्या बाईच्या अंगात नाही.